कलियुगाची केस: क्रो-मॅग्सचा पहिला अल्बम

क्रो-मॅग्स या न्यूयॉर्कच्या बँडच्या पहिल्या अल्बमचं 'द एज ऑफ क्वारल' हे नाव मी कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, पंक बँड आहे, मारामाऱ्या करणारी पोरं आहेत, ठेवलं असेल भांडणावरून नाव, विषय संपला. एका मित्राच्या हार्ड डिस्कवर हा अल्बम होता, फोल्डरमध्ये अर्ध्या गाण्यांना नावंच नव्हती, नुसतं 'ट्रॅक ०४', 'ट्रॅक ०५', आणि कव्हर म्हणून अणुस्फोटाचा तो छत्रीसारखा ढग. लोकलमध्ये, रात्री गच्चीवर, बरीच वर्षं ऐकला. मग एकदा मामाकडे गेलो होतो, लाईट गेलेली, करायला काही नाही, कपाटात इस्कॉनवाल्यांची ती जाडजूड इंग्रजी गीता होती ती उगाच चाळत बसलो, आणि एका ठिकाणी कलियुगाचं इंग्रजी दिसलं: एज ऑफ क्वारल. मी पान तसंच धरून बसलो. म्हणजे इतकी वर्षं ज्याला मी न्यूयॉर्कच्या गल्लीतल्या पोरांची गुर्मी समजत होतो तो आमच्या आजीच्या तोंडातला शब्द निघाला. दुधवाल्याने पाणी जास्त घातलं तरी म्हणायची, "घोर कलियुग आलंय."

त्या दिवसापासून हे प्रकरण डोक्यात आहे. इंटरनेटवर या अल्बमबद्दल भरपूर आहे पण एकतर 'क्लासिक क्लासिक' म्हणून ओवाळणी किंवा बँडमधल्या भांडणांचा चविष्ट हिशोब. मला खरा प्रश्न वेगळाच पडतो. हार्डकोर पंक आणि थ्रॅश मेटल एकत्र करायचा प्रयत्न तेव्हा अर्धी अमेरिका करत होती, मग या पाच जणांचंच रसायन एवढं का जमलं, आणि जमलं तर त्याच पाच जणांनी दुसरा अल्बम का नाही काढला? माझं मत आधीच सांगून टाकतो, की ज्या गोष्टींमुळे ते जमलं त्याच गोष्टींमुळे ते टिकलं नाही. मिसळीसारखं आहे हे. रस्सा आणि फरसाण एकत्र आल्यावर मोजून दोन-तीन मिनिटं असतात जेव्हा फरसाण भिजलेलंही असतं आणि कुरकुरीतही, त्यानंतर नुसता लगदा. १९८६ मध्ये कोणीतरी नेमक्या त्या तीन मिनिटांत रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

ज्यांना या दोन प्रकारांतला फरक माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. हार्डकोर म्हणजे पंकचं आणखी तापलेलं रूप, गाणं दीड मिनिटाचं, तीन कॉर्ड, स्पीड प्रचंड, सोलो बिलो काही नाही, जे म्हणायचंय ते ओरडून म्हणायचं आणि उतरायचं. थ्रॅशमध्येही स्पीड आहे पण तिथे रिफला, म्हणजे गिटारवर परत परत येणाऱ्या तुकड्याला, मान, गिटारवाला उजव्या तळव्याची कड ब्रिजपाशी तारांवर दाबून वाजवतो, त्याला पाम म्यूट म्हणतात, त्यामुळे 'झणण'ऐवजी 'खडक-खडक-खडक' असा कोरडा दणका येतो, आणि गाण्याला चार-पाच भाग असतात, हातात तयारी लागते. आज दोन्ही सेम वाटतात कुणाला तरी, पण ८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे दोन वेगळे समाज होते. एकीकडे टक्कल आणि बूट, दुसरीकडे कमरेपर्यंत केस. हार्डकोरच्या शोला लांब केसांचा पोरगा आला तर त्याने मार खायची तयारी ठेवूनच यायचं असा काळ होता.

भिंत हळूहळू पडत होती. सुइसायडल टेंडन्सीजचा पहिला अल्बम १९८३ चा, डीआरआयचा 'डीलिंग विथ इट' १९८५ चा, आणि त्याच वर्षी अँथ्रॅक्स या थ्रॅश बँडच्या काही पोरांनी एसओडी नावाने तीन दिवसांत एक अख्खा अल्बम रेकॉर्ड करून टाकला, अर्धा विनोद अर्धा दंगा. न्यूयॉर्कच्याच अ‍ॅग्नॉस्टिक फ्रंटने १९८६ मध्ये 'कॉज फॉर अलार्म' काढला तोही चांगलाच मेटल बाजूला झुकलेला. या सगळ्याला क्रॉसओव्हर हे नाव चिकटलं आणि १९८७ मध्ये डीआरआयने तर अल्बमचंच नाव 'क्रॉसओव्हर' ठेवलं. म्हणजे क्रो-मॅग्स काही पहिले नव्हते. पहिले असण्याचा आणि भारी असण्याचा तसाही काही संबंध नसतो.

आता माणसं. हार्ली फ्लॅनगन, बेस गिटार, जन्म १९६७. या पोराचं लहानपण कुठल्या कादंबरीत लिहिलं तर संपादक म्हणेल जरा कमी करा. आई न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या हिप्पी-कवी गोतावळ्यातली. १९७६ मध्ये, म्हणजे वय वर्षं नऊ, त्याचं गोष्टी आणि चित्रांचं एक छोटं पुस्तक निघालं आणि त्याला प्रस्तावना कोणाची, तर नामांकित कवी अ‍ॅलन गिन्सबर्गची. बारा वर्षांचा होईपर्यंत तो मावशीच्या, डेनीस मर्सिडीजच्या, स्टिम्युलेटर्स या पंक बँडमध्ये ड्रम वाजवत होता. आपल्याकडे बारा वर्षांचं पोर फार तर गणपतीत ताशा वाजवतं आणि घरी येऊन झोपतं, हा क्लबमध्ये वाजवून पहाटे घरी जायचा आणि ते घर म्हणजे जाळलेल्या, ओसाड पडलेल्या इमारतींचा एरिया, दारात नशेच्या सुया, कोपऱ्यावर टोळ्या. पुढे त्याने काही गाणी एकट्यानेच सगळी वाद्यं वाजवून डेमो, म्हणजे कच्चा नमुना म्हणून रेकॉर्ड केली, १९८२-८३ च्या सुमाराला. बँडचा सांगाडा तिथून आला.

जॉन जोसेफ, गायक. याचं बालपण फॉस्टर होममध्ये, म्हणजे सरकार दुसऱ्यांच्या घरी ठेवतं तशा घरांत, तिथे झालेले हाल त्याने स्वतःच्या पुस्तकात लिहिलेत. मग रस्ता, मग नेव्ही, नेव्हीतून पळाला, बॅड ब्रेन्स या बँडचा रोडी झाला, म्हणजे सामान उचलणारा आणि पडेल ते काम करणारा. बॅड ब्रेन्सबद्दल दोन वाक्यं टाकतोच कारण त्यांच्याशिवाय ही केस समजत नाही. वॉशिंग्टनचे चार कृष्णवर्णीय पोरं, आधी जॅझ-फ्युजन वाजवायचे, मग पंक ऐकलं आणि जगातलं सगळ्यात फास्ट आणि सगळ्यात सफाईदार हार्डकोर वाजवायला लागले, आणि वर कट्टर रास्ताफारियन, म्हणजे जमैकातल्या एका धार्मिक पंथाचे. नंतर न्यूयॉर्कला आले. पंकमध्ये देवधर्म म्हणजे टिंगलीचा विषय, पण यांची कोणाची टिंगल करायची हिंमत होईना कारण स्टेजवर ते बाकी सगळ्यांना झोपवायचे. 'हार्डकोर वाजवायचं आणि देवावर विश्वासही ठेवायचा' ही परवानगी न्यूयॉर्कच्या पोरांना तिथून मिळाली असं मला वाटतं.

पॅरिस मेह्यू, गिटार. हा मेटलवाला. रिफ बांधणं, भाग जोडणं, घट्ट वाजवणं ही त्याची बाजू. डग हॉलंड, दुसरा गिटारिस्ट, आधी क्राउट या न्यूयॉर्कच्या पंक बँडमध्ये होता, त्यामुळे तो येताना जुन्या पंकचा जाड, रुंद आवाज घेऊन आला. आणि मॅकी, ड्रम. मॅकी जेसन. याच्यावर परत येतो, कारण माझ्या मते अर्धा अल्बम त्याच्या मनगटात आहे.

आता कलियुग तिथे पोचलं कसं? इथे गोष्ट मुंबईतून सुरू होते आणि हे मला कळलं तेव्हा मी दोन मित्रांना फोन करून पिडलं होतं. भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद १९६५ मध्ये अमेरिकेला निघाले तेव्हा त्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते. ते गेले सुमती मोरारजींकडे, सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन या मुंबईच्या बोट कंपनीच्या सर्वेसर्वा. इस्कॉनच्या चरित्रात असं आहे की बाईंनी आधी समजावलं, या वयात कुठे जाता, थंडीत निभायचं नाही, पण स्वामी हटेनात आणि शेवटी कंपनीच्या 'जलदूत' या मालवाहू बोटीवर फुकट जागा मिळाली. कलकत्त्याहून ऑगस्टमध्ये बोट निघाली, वाटेत त्यांना हृदयविकाराचे झटके आले, सप्टेंबरमध्ये ते अमेरिकेला पोचले, खिशात चाळीस रुपये, तेही तिथे चालणार नव्हते. वय एकोणसत्तर. पुढच्या वर्षी, १९६६ मध्ये, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर २६ नंबरचा एक दुकानाचा गाळा घेतला. गाळ्यावर आधीच्या दुकानाची पाटी होती, 'मॅचलेस गिफ्ट्स', ती तशीच ठेवली. इस्कॉन तिथे सुरू झालं. तिथून जवळच टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कात झाडाखाली कीर्तन करायचे आणि त्या कीर्तनाला येऊन बसणाऱ्यांत एक अ‍ॅलन गिन्सबर्ग, जो १९६२-६३ मध्ये भारत फिरून, मुंबईही बघून गेला होता, आणि जो दहा वर्षांनी हार्लीच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणार होता.

नकाशा उघडून बघा. सेकंड अ‍ॅव्हेन्यूचा तो गाळा आणि बावरी रस्त्यावरचा ३१५ नंबरचा सीबीजीबी क्लब (तो २००६ मध्ये बंद झाला) यांच्यात पायी चार-पाच मिनिटांचं अंतर. टॉम्पकिन्स पार्कच्या समोरच्या कोपऱ्यावर ए-सेव्हन हा क्लब, खोलीएवढा, जिथे न्यूयॉर्क हार्डकोर पाळण्यात होतं. मधे पंधरा-वीस वर्षं गेली, इस्कॉनचं बस्तान दुसरीकडे हललं, पण बी त्याच वाफ्यात पडलेलं. उपाशी, बेघर पोरांना हरे कृष्णवाल्यांकडे फुकट जेवण मिळायचं. आपल्याला यात नवल नाही, भंडाऱ्याचं जेवण आणि मग दोन शब्द कानावर हे आपण लहानपणापासून बघतोय. जॉन तर मंदिरात राहिलाही. हार्लीही त्याच वाटेला. आणि ज्याने लहानपणापासून घर मोडलेलं, गल्ली जळालेली, मित्र सुईने मेलेले बघितलेत त्याला एक म्हातारा साधू पुस्तकातून सांगतोय की बाबा रे, हे असंच असणार, हे युगच भांडणाचं आणि ढोंगाचं आहे, ४,३२,००० वर्षांचं आहे आणि त्यातली पाच हजारच झालीत. आपल्याकडे 'कलियुग' हा बोलता बोलता टाकायचा शब्द झालाय, त्यातला कलि म्हणजे कलह हे कोणाच्या ध्यानातही नसतं. त्या पोरांना मात्र तो शब्द कोरा करकरीत मिळाला, आणि खिडकीतून बाहेर बघितलं की पुरावा समोर.

म्हणून या अल्बमचे शब्द बाकी हार्डकोरपेक्षा वेगळे पडतात. 'स्ट्रीट जस्टिस', 'सर्व्हायव्हल ऑफ द स्ट्रीट्स' ही गल्लीची गाणी आहेतच, पण त्यांच्या बरोबरीने 'सीकर्स ऑफ द ट्रूथ' आहे, 'डू अनटू अदर्स' आहे जे सरळ सरळ पेराल ते उगवेल या हिशोबाचं आहे. 'वर्ल्ड पीस' नाव ऐकून वाटेल शांततेची आळवणी असेल, तर गाणं म्हणतं की जगात शांती होणं शक्य नाही, माणसाचा स्वभावच आड येतो. त्या वेळचे बाकी पंक बँड राष्ट्राध्यक्ष रेगनला शिव्या देत होते, आणि हे म्हणत होते की रेगन गेला तरी काय फरक पडणार, युगच खराब आहे! राजकीयदृष्ट्या बघितलं तर हे जरा सोयीचं तत्त्वज्ञान आहे, मला ते पूर्ण पटत नाही, सगळं युगावर ढकललं की घरमालकाला, नगरपालिकेला कोणी विचारायला नको. पण गाणं म्हणून त्यातून जी धग येते ती रेगनवाल्या गाण्यांत नाही. ती गाणी आज जुनी झाली, ही नाही.

बरं, आता आवाज. पहिलंच गाणं घेऊ, 'वुई गॉटा नो', हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला गायक येतच नाही. बराच वेळ येत नाही. दीड मिनिटाची गाणी करणाऱ्या जमातीत एवढा वेळ नुसतं वाजवत बसणं म्हणजे उद्धटपणाच आहे. गिटार एक वाक्य बोलते, थांबते, परत बोलते, ड्रम मधल्या जागांत ठोके टाकतो, मग रिफ बदलतो, आणि प्रत्येक बदलाला वाटतं आता सुटणार, आता सुटणार, आणि सोडत नाहीत. ढोल पथकात सगळे ढोल एका लयीत आले तरी ताशावाला हात वर करून थांबवून धरतो ना, तसं. आणि मग जेव्हा सोडतात तेव्हा एकदम अंगावर. ही रचना, भाग बांधणं, ताण वाढवत नेणं, ही मेटलची. पण ज्या गोष्टीवर ती सुटते तो फास्ट बीट आणि जॉनचा आवाज, सूर नाही, दात-ओठ खाऊन बोललेलं, ते शंभर टक्के हार्डकोर. आणि पाम म्यूट आहे पण थ्रॅशसारखा चकचकीत, कात्रीने कापल्यासारखा नाही, कडा फाटलेल्या आहेत, कारण बाजूला डगची गिटार मोकळी वाजतेय आणि खाली हार्लीचा बेस खरखरत गिटारच्या पंगतीत येऊन बसलाय.

चौथं गाणं 'मॅलफंक्शन' आणि सातवं 'सीकर्स ऑफ द ट्रूथ', इथे स्पीड सोडून दिलाय. जड, चालत येणारं. हार्डकोरवाले याला मॉश पार्ट म्हणतात, म्हणजे जिथे खालचं पब्लिक गोलात शिरून हातपाय झाडतं. नंतरच्या बँडांनी हा भाग फॉर्म्युला करून टाकला, फास्ट-फास्ट-फास्ट आणि मग धप्प. इथे तो धप्प का होतो ते कळतं, विचार करायला थांबल्यासारखा होतो. आणि लगेच पुढे 'हार्ड टाइम्स' आणि 'डोन्ट ट्रेड ऑन मी' असे पटकन येऊन गालफटात मारून जाणारे तुकडे. पंधरा गाणी, अर्ध्या तासाच्या जरा वर, फालतू एक नाही. बरं, 'इट्स द लिमिट' मला थोडं भरतीचं वाटतं, पण ते सुरू झालं म्हणेपर्यंत संपतं.

आता मॅकी. थ्रॅशचे बहुतेक ड्रमर तेव्हा यंत्रासारखे वाजवत होते, तेच त्यांचं कौतुक होतं, आणि हार्डकोरचे बहुतेक ड्रमर पळत सुटलेल्या माणसासारखे. मॅकी झुलतो. फास्ट वाजवतानाही ठोका किंचित मागे रेलून येतो, हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांवर, बारीक नक्षी चालू असते, फिलमध्ये, म्हणजे मधल्या भरावाच्या ठोक्यांत, नाचरं फंक येतं. हा बॅड ब्रेन्सच्या शाळेचा माणूस, आणि पुढे १९८९ च्या 'क्विकनेस' अल्बमवर त्यांच्यासाठी वाजवलंही त्यानेच. माझं म्हणणं असं की हार्डकोर आणि मेटल यांची वेल्डिंग गिटारमध्ये झालीच नाही, ती इथे झाली. कारण रिफ मेटलचा आणि ड्रमही मेटलचा असता तर तो थ्रॅश झाला असता, दोन्ही पंकचे असते तर पंक. इथे रिफ सरळ चालतोय आणि ड्रम कमरेतून वाजतोय, त्यामुळे दोघांतलं कोणीच पूर्ण जिंकत नाही. एसओडी ऐका आणि लगेच हे ऐका, एसओडीत सगळं दणदणीत आहे पण नाचता येत नाही. याच्यावर येतं.

अल्बमच्या आधीचा एक भाग राहिला. आधी माईकवर एरिक कॅसानोव्हा होता, जॉन नंतर आला. १९८५ च्या सुमाराला यांनी एक कॅसेट डेमो केला, शोमध्ये हातोहात विकायचे, आणि त्यातलीच बहुतेक गाणी अल्बमवर आली. (तो डेमो २००० मध्ये 'बिफोर द क्वारल' नावाने रीतसर निघाला.) सीबीजीबीत रविवारी दुपारी हार्डकोरचे शो व्हायचे, दुपारी एवढ्यासाठी की शाळकरी पोरांनाही येता यावं, रात्रीच्या दारूच्या वेळेला वयाची अट आड येते. म्हणजे एखादी कॅसेट रविवारी विकली की सोमवारी वर्गात डबल डेकवर तिच्या पाच कॉप्या. गाणी लोकांच्या तोंडात आधी बसली, अल्बम मागून आला, त्यामुळे अल्बम ऐकताना जी खात्री जाणवते ना, की यांना प्रत्येक ठोका पाठ आहे, ती त्या रविवारांची आहे.

रेकॉर्ड काढली प्रोफाइल रेकॉर्ड्सने. ही कंपनी कोणाच्या रेकॉर्ड काढायची माहितीये? रन-डीएमसी या रॅप ग्रुपच्या. त्याच १९८६ मध्ये प्रोफाइलने त्यांचा 'रेझिंग हेल' काढला आणि रॅप अमेरिकेच्या घराघरात गेलं. त्याच कंपनीत रॉक हॉटेल नावाचं एक पोट-लेबल, चालवणारा ख्रिस विल्यमसन, जो न्यूयॉर्कमध्ये याच नावाने मोठे शो लावायचा, हार्डकोर आणि मेटल एकाच रात्री, एकाच स्टेजवर. या बँडचं मॅनेजमेंटही त्याच्याचकडे. इथे सौदा दोन्ही बाजूंनी कापणारा होता. स्वतंत्र छोट्या हार्डकोर लेबलकडे गेले असते तर एवढे लांब पोचले नसते, मोटरहेड या नामांकित ब्रिटिश बँडबरोबर अमेरिकेची टूर झाली नसती. हार्लीसाठी मोटरहेड म्हणजे दैवत. पण ज्याच्याकडे शो, ज्याच्याकडे लेबल, ज्याच्याकडे मॅनेजरकी, तो एकच माणूस असला की भांडण कोणाकडे घेऊन जायचं? पैशावरून बँडने नंतर बऱ्याच तक्रारी केल्या. हिशोबाच्या वह्या आपण बघितलेल्या नाहीत, त्यामुळे कोण बरोबर यात मी पडत नाही. एवढंच म्हणतो की विशीच्या आसपासची, घरदार नसलेली पोरं आणि वर तिन्ही चाव्या एकाच्या कमरेला, यात पुढे काय होणार ते कोणत्याही गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी सांगेल.

आणि झालंच. मॅकी गेला, त्याच्या जागी पीट हाइन्स आला. मग जॉन गेला. १९८९ मध्ये दुसरा अल्बम आला 'बेस्ट विशेस', माईकवर हार्ली स्वतः, आणि कव्हरवर चक्क नरसिंह, मांडीवर हिरण्यकशिपू, पोट फाडतानाचा. कॅलेंडरवरचा नरसिंह मेटलच्या कव्हरवर! ते बघून मला आधी हसू आलं आणि मग वाटलं की यापेक्षा जास्त मेटल चित्र युरोपवाल्यांकडे तरी कुठे आहे. अल्बम वाईट नाही, काही रिफ तर भयंकर आहेत, पण तो मेटल अल्बम आहे. नीट, ताकदवान, मेटल. मॅकीचं झुलणं गेलं, जॉनचा फाटका आवाज गेला, रस्सा वर आला आणि फरसाण बुडालं. पुढे १९९२ मध्ये 'अल्फा ओमेगा'ला जॉन परत आला, मग परत फाटलं, मग परत जमले, हे चक्र एवढ्यांदा झालंय की त्याची वंशावळ काढायची तर भिंत पुरणार नाही.

तिथून पुढची गोष्ट शुद्ध भाऊबंदकीची. जमीन एक, हिस्सेदार पाच, सातबारा कोणाच्या नावावर? हार्ली म्हणतो बँड माझा, नाव माझं, पहिली गाणी मी एकट्याने केली तेव्हा हे कुठे होते. पॅरिस म्हणतो रिफ कोणी बांधले ते विचारा. जॉन म्हणतो लोक कोणाच्या आवाजाला येतात? जॉनचं पुस्तक २००७ मध्ये आलं, हार्लीचं २०१६ मध्ये, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर एकाच घटनेच्या वेळी ही माणसं एकाच खोलीत होती का अशी शंका येते. मधे बरीच वर्षं जॉन आणि मॅकी क्रो-मॅग्स नावाने शो करत होते, हार्लीशिवाय. ६ जुलै २०१२ ला न्यूयॉर्कच्या वेब्स्टर हॉलमध्ये त्यांचा शो होता, हार्ली बॅकस्टेजला गेला, तिथे चाकू चालला, दोन जण जखमी झाले, हार्लीलाही लागलं आणि त्याला अटक झाली. काही महिन्यांनी आरोप मागे घेण्यात आले. तोवर ही पन्नाशीकडे झुकलेली माणसं होती, जॉन शाकाहारी आणि आयर्नमॅन शर्यती पळणारा, हार्ली ब्राझिलियन जिउ-जित्सूवाला.

शेवटी २०१९ मध्ये कोर्टाबाहेर मिटलं. क्रो-मॅग्स हे नाव हार्लीला, जॉन आणि मॅकीने पुढे 'क्रो-मॅग्स जेएम' नावाने वाजवायचं. हार्लीने २०२० मध्ये त्या नावाखाली नवा अल्बमही काढला. पॅरिस तर कधीच कॅमेऱ्याच्या धंद्यात गेलेला. म्हणजे कागदावर वाटणी झाली, पण पहिल्या अल्बमची वाटणी करायची कशी? हार्लीकडे बेस आहे आणि नाव आहे, त्यांच्याकडे आवाज आहे आणि ड्रम आहे. मी दोन्हीकडचे लाईव्ह व्हिडिओ बघितलेत. हार्लीच्या बाजूला गाणी टाईट आहेत, बेसचा तो खरखरणारा आवाज अजून तसाच. जॉनच्या बाजूला 'वुई गॉटा नो' सुरू होतं तेव्हा मॅकी पहिले ठोके टाकतो आणि खालचं पब्लिक ओळखतं. मला विचाराल तर मी ड्रमच्या बाजूला उभा राहीन, पण हे मी बेस वाजवणाऱ्या मित्रासमोर बोलत नाही.

या अल्बमचं पुढे काय काय झालं ते सांगायला गेलो तर दुसरा लेख होईल. सिक ऑफ इट ऑल, मॅडबॉल, बायोहॅझर्ड ही न्यूयॉर्कची पुढची फळी, सगळ्यांच्या रक्तात हा आहे. ९० च्या दशकात शेल्टरसारख्या बँडांनी गळ्यात तुळशीमाळ घालून हार्डकोर वाजवलं, त्याला क्रिश्नाकोर असं नावही पडलं, आणि खरं सांगायचं तर त्यात मला जरा प्रवचनाचा वास येतो. इथे तो येत नाही, कारण ही पोरं अजून शोधतायत, सापडल्याच्या थाटात कोणाला सांगत नाहीयेत.

परवा त्याच मित्राला, ज्याच्या हार्ड डिस्कवरून हे सगळं सुरू झालं, फोन केला आणि म्हटलं अरे त्या अल्बमवर लिहितोय. तो म्हणाला, "अल्बमवर कशाला, डेमोवर लिही, डेमोच खरा, अल्बममध्ये गिटार गुळगुळीत केलीये." मी म्हटलं गुळगुळीत? कान तपासून घे. मग तो ड्रमच्या आवाजावर आला, मी त्याच्या स्पीकरवर आलो, तो म्हणाला तू २००० सालच्या रिलीजवरून बोलतोयस तुला ओरिजिनल कॅसेटचं काय माहिती, जणू काही याने १९८५ मध्ये सीबीजीबीच्या दारात उभं राहून घेतली होती. पाऊण तास वाजलं आमचं. शेवटी त्याच्या बायकोने मागून ओरडून विचारलं की कोणाशी भांडतोयस एवढा.